ओढतलो कोण?

बाबांनी होडीचं नाव पहिल्यांदा काढलं ते आंब्याच्या पेट्या भरताना. पेटीत पेंढा अंथरता अंथरता, 'उद्या केस कापून येतो' म्हणावं तितक्या सहज म्हणाले, "एक होडी घ्यावी म्हणतो." आई पेट्यांवर नावं घालत होती. तिने मान वर न करता विचारलं, "का? बाजारात मासे मिळायचे बंद झाले?"

"मासे नाही गं. असंच. जरा फिरायला."

'फिरायला' हा शब्द घातक ठरला. आमच्या वाडीत होडी रापणीला असते, कालवं काढायला असते, पूर्वी वाळूला असायची. फिरायला म्हणून कुणी होडी घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. फिरायला एसटी आहे.

बाबा ६८ वर्षांचे. ३६ वर्षं मुंबईत बँकेत काढली, राहायला डोंबिवली. त्या ३६ वर्षांत पाण्याशी त्यांचा संबंध म्हणजे लोकल मुंब्र्याच्या खाडीपाशी आली की खिडकीत बसलेल्याच्या डोक्यावरून बाहेर बघणं. निवृत्तीनंतर आईला घेऊन ते गावी परतले. गाव कर्ली नदीच्या काठावर, नेरूरपारच्या पुलाच्या खालच्या अंगाला, जिथे नदी खारी होऊन खाडी म्हणवून घेते. पूल नव्हता तेव्हा इथे तर चालायची. पलीकडे शाळेत जायला बाबा रोज तरीत बसायचे आणि तारी दमला की वल्हं मागून घ्यायचे. आईचं माहेर पलीकडच्या काठावर, तेव्हा लग्नाचं वऱ्हाडही तरीतूनच आलं. पूल झाला, तर बंद पडली, आणि समोर दिसणारं आजोळ पुलावरून वळसा घेऊन रिक्षेने जायचं गाव झालं. तरीचा जांभ्या दगडाचा धक्का मात्र अजून आहे. त्यावर दुपारी म्हशी बसतात.

होडी निवडायचं काम माझ्याकडे आलं. कारण मी पुण्यात, म्हणजे घरच्यांच्या हिशेबात 'जवळ', आणि लिहिणारी, म्हणजे चार लोकांना प्रश्न विचारायला न लाजणारी. दादा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. त्याने त्याच रात्री बोटींचे बारा फोटो पाठवले.

दादाची सगळी भिस्त पाँटून बोटीवर होती. ॲल्युमिनिअमचे दोन लांब नळे, त्यांवर सपाट फळी, भोवती कठडा, वर छत, मध्ये सोफा. तिकडे म्हाताऱ्या आईवडिलांसाठी हीच घेतात, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. सपाट तळाची बोट डुलत नाही, कठड्याला फाटक असतं, धक्क्यावरून सरळ चालत आत जाता येतं, वाकावं लागत नाही. मिनेसोटा तळ्यांचं राज्य. साठ लाखांच्या आतल्या लोकवस्तीत आठ लाखांहून जास्त नोंदणीकृत बोटी आहेत. पण त्या फोटोंत मला बोटीपेक्षा बोटीच्या मागचं जास्त दिसायला लागलं. प्रत्येक फोटोत एक मोटार होती, मोटारीला ट्रेलर होता आणि पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार होता. तिकडे बोट माणूस ओढत नाही, मोटार ओढते. सरकारने बांधलेल्या उतारावरून ट्रेलर पाण्यात मागे घ्यायचा, बोट तरंगली की सोडायची, संध्याकाळी उलटं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग बाबा होडी पाण्यातच ठेवतील ना बांधून."

दादा गेली वीस वर्षं पावसाळ्यात गावी आलेला नाही.

कर्लीच्या काठावर जूनमध्ये होडी बांधून ठेवायची म्हणजे ती देवबागच्या मुखातून समुद्राला देऊन टाकायची. वरून सह्याद्रीचा पूर, खालून उधाण, मधून वाहत येणारे ओंडके. मेअखेर ते ऑगस्टअखेर किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी. होडी त्या काळात पाण्याबाहेर, काठाच्या वर, मांगरात उपडी पडलेली हवी. एरवीही खाऱ्या पाण्यात बारा महिने उभ्या राहिलेल्या होडीच्या बुडाला शिंपले धरतात. लाकडी असेल तर किडा आतून भोकं पाडतो. म्हणजे होडी घेणाऱ्याला ती पाण्यात घालता यायला हवी तशीच पाण्यातून काढताही यायला हवी.

हे मला आधी सुचलं असं मुळीच नाही. विचारलं शेजारच्या आबांनी.

झालं असं की वरच्या वाडीतल्या एकाने आपली जुनी लाकडी होडी विकायला काढली होती. वीस फुटांची, आंब्याच्या लाकडाची, काजूच्या टरफलांचं तेल पिऊन पिऊन काळी कुळकुळीत झालेली. बाबा बघायला गेले ते दोन तास परतच येईनात. मी गेले तर होडीच्या नाळेवर हात ठेवून उभे. अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गायीजवळ माणूस उभा राहतो तसे. किंमतही माफक. होडीवाला म्हणाला, एका बाजूला उलांडी बांधून देतो, मग तुम्ही उभे राहून नाचलात तरी कलंडायची नाही. मी मनातल्या मनात होकार दिलासुद्धा.

आबा बाबांचे बालमित्र. पायात खिळा गेलेल्या माणसासारखं तोंड करून ते सगळं बघत होते. म्हणाले, "होडी घेशीत रे, पण ती वर ओढतलो कोण?"

"चार माणसं बोलावीन."

"सांग, कोण ते."

बाबांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिलं बोट आबांचं. त्यांचं वय ७१. दुसरं बोट गोठ्याशेजारच्या काकांचं. त्यांना हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलेलं. तिसरा रिक्षावाला, तो दिवसा कुडाळ स्टेशनवर. चौथं बोट बाबांनी बराच वेळ उभं धरलं आणि मग मिटलं.

२००१च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८ लाख ६८ हजार माणसं होती. २०११मध्ये ती ८ लाख ५० हजारांच्या खाली आली. सगळा देश वाढत असताना घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांतला हा एक. हे आकडे मी लेखांत कितीदा वापरले असतील. त्यांचा अर्थ त्या दिवशी समजला: वीस फुटांची होडी काठावर चढवायला वाडीत चार धड पाठी नाहीत. रापण ओढायला पूर्वी तीस-चाळीस माणसं दोराला लागायची, आता कित्येक ठिकाणी मजूर बाहेरून येतात. लाकडी होडी म्हणजे गावकी होती. गावकी गेल्यावर लाकूड तेवढं उरतं, आणि ते अडीच-तीनशे किलोंचं असतं.

ती होडी शेवटी गोव्याच्या एका रिसॉर्टने नेली. आता तिच्यात सॅलड मांडतात, असं ऐकलं. बाबांना सांगितलेलं नाही.

मग उरलं फायबर. मालवण तालुक्यात फायबरच्या होड्या करणारे कारागीर आहेत. आम्ही तिघांकडे गेलो. पत्र्याची शेड, आत रेझिनचा डोकं चढवणारा वास, साच्यावर काचतंतूंची मॅट अंथरून ब्रशने रेझिन पाजणारी दोन पोरं. पहिल्या दोघांनी लांबी विचारली, इंजिन विचारलं, किंमत सांगितली. तिसऱ्याने बाबांकडे बघून मला विचारलं, "तेंचे गुडघे कशे आसत?"

मला वाटलं, थट्टा करतो आहे. पण तो गंभीर होता. त्याचं म्हणणं असं की होडी पाण्यात कशी चालते हे सगळे बघतात, माणूस तिच्यात चढतो कसा हे कुणी बघत नाही. आणि पडतात ते चढता-उतरता. शेडच्या मागे व्हाळात एक होडी होती. त्याने बाबांना चढायला सांगितलं. बाबांनी साठ वर्षांपूर्वीच्या सवयीने एक पाय काठावरच्या दगडावर ठेवला, दुसरा होडीच्या कडेवर. होडी पुढे सरकली, दोन पायांतलं अंतर वाढत गेलं. त्या पोरांपैकी एकाने हात धरला नसता तर बाबा फाकल्या पायांनी व्हाळात बसले असते.

"कडेवर पाय नाय. मधी. आणि आधी हात, मागसून पाय," तो म्हणाला. आधी होडी दोन्ही टोकांनी बांधायची. मग कडेला घट्ट धरायला जागा हवी, पाय थेट तळाच्या मधोमध, आणि लगेच बसायचं. होडीची कड काठापासून गुडघ्याहून उंच असेल तर म्हातारा माणूस कडेवर पाय देणारच. म्हणून कड बुटकी हवी. पण फार बुटकी कड लाटेचं पाणी आत घेते. या दोन्हींमधल्या वीतभर जागेत त्याचा सगळा धंदा होता.

मग त्याने पोत्यांची परीक्षा करून दाखवली. पन्नास किलोंची सिमेंटची दोन पोती एकाच कडेला ठेवली. होडी कलली आणि थांबली. पाण्यापासून कड चार बोटं वर राहिली. शेजारच्या अरुंद होडीत एकच पोतं ठेवलं तर तिने पाणी घेतलं. सपाट बुडाची रुंद होडी सुरुवातीला अजिबात हलत नाही, म्हणून नवख्याला ती आवडते. पण एका मर्यादेपलीकडे कलली की ती सूचना न देता उलटते. गोल बुडाची होडी पहिल्यापासून डुलते, बसणाऱ्याला भीती वाटते, पण कलत जाते तशी सावरून धरते. समुद्रात माणसं दुसरीवर विश्वास ठेवतात. खाडीच्या शांत पाण्यात, ज्याच्या कानातला तोल वयाने मंदावला आहे अशा माणसाला, पहिली बरी. फक्त लाटेत न्यायची नाही. बाबांनी हे सगळं वहीत टिपलं. त्यांना पोत्यांची परीक्षा फार आवडली. बँकेत कर्ज देतानाही असंच काही करायला हवं होतं, म्हणाले.

मधल्या काळात मला कयाकने भुरळ घातली होती. वजन पंचवीस-तीस किलो, एकटा माणूस ओढत नेईल, इंजिन नाही, कागद नाही, बुडणार नाही. आबांच्या प्रश्नाला याहून चोख उत्तर कुठलं? तारकर्लीच्या बाजूला कयाक शिकवणाऱ्या एका मुलाकडे आम्ही सकाळी गेलो. वरून बंद असलेल्या, प्लास्टिकच्या साच्यातल्या कयाकवर बाबा बसले, आणि बसले तेही झोकात. अर्धा तास फिरून आले, चेहरा दहावीच्या पोरासारखा. आणि मग उठता येईना. नितंब पाण्याच्या पातळीवर, पाय पुढे पसरलेले, धरायला काही नाही. शेवटी मुलाने कयाक वीतभर पाण्यात आडवी केली आणि बाबा तिच्यावरून वाळूत लोळले. हसत होते, पण ते हसणं आमच्यासाठी होतं.

त्या मुलाने शहाणपणाची एक गोष्ट केली. म्हणाला, आलोच आहोत तर पडून बघू. कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, बाबांना कयाकवरून मुद्दाम पाडलं. पडण्यात काहीच अवघड नव्हतं, आपल्याकडचं पाणीही कोमट. पण परत वर येणं? तो सांगेल तसं बाबांनी पोट कयाकवर टाकायचा प्रयत्न केला, चार वेळा. पाचव्यांदा मीच नको म्हटलं. पोहता येतं की नाही हा प्रश्न सगळे विचारतात. बाबा आजही खाडी पोहून जातील. पण पाण्यातून स्वतःचं ७४ किलोंचं वजन हातांवर उचलून कडेपलीकडे टाकणं हे पोहण्याहून वेगळं काम आहे, आणि साठीनंतर ते बहुतेकांना जमत नाही. एकट्याने होडी नेणाऱ्या माणसासाठी मला वाटतं हीच खरी परीक्षा. उपाय स्वस्त आहे: होडीच्या मागच्या फळीवर पाण्यात दोन पायऱ्या लोंबतील अशी घडीची शिडी, नाहीतर घोड्याच्या रिकिबीसारखा दोराचा फास. पण तो आधी करून, पाण्यात उतरून बघावा लागतो. आमच्या पहिल्या फासात पाय गेला की तो होडीच्या खाली जायचा आणि बाबा उताणे. दोराऐवजी पाइपचा तुकडा घातला तेव्हा जमलं.

मग राहिला प्रश्न आईचा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, स्वतः वल्ही मारून. आईला तिथे नेलं, हेतुपुरस्सर. तिने होडीचा विषय निघाल्यापासून एकच धोशा लावला होता: मे २०२२मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघं गेले. तो तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचा समुद्र. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते दिलंही नाही. फक्त मांडवीच्या त्या होडीत तिला बसवलं. इंजिनाचा आवाज नाही; वल्ह्याचं पाणी, चिखलात खेकड्यांची टकटक. परतताना ती इतकंच म्हणाली, "ह्या बायका बसून मारतात हो वल्हं. तुम्ही उभे राहून मारणार असाल तर मला सांगू नका."

म्हणजे बसून मारायला परवानगी होती.

वल्ह्यांचा प्रश्न वाटला होता त्याहून गुंतागुंतीचा निघाला. दोन वल्ही आकड्यांत अडकवून मारायची तर माणूस पाठमोरा बसतो. त्यात जोर पाठीचा आणि पायांचा लागतो, खांदे वाचतात, म्हातारपणी हीच पद्धत सोपी. पण पुढे काय आहे हे बघायला मान वळवावी लागते, आणि बाबांच्या मानेत स्पाँडिलायटिस आहे. तोंड पुढे करून वल्ही ढकलली तर दिसतं, पण दहा मिनिटांत दम लागतो. यावर तोड बाबांनीच काढली. कुडाळच्या बाजारातून मोटारसायकलचा आरसा आणला आणि होडीच्या कडेला क्लॅम्पने बसवला. बाबांना 'भाऊ' म्हणणाऱ्या गावातल्या पोरांनी त्याला 'भाऊंची बुलेट' असं नाव ठेवलं आहे.

इंजिनावरून मात्र आमच्यात खरा वाद झाला. मला ते हवं होतं. वारा फिरला, दम लागला, छातीत काही झालं तर घरी यायला काहीतरी हवं ना. इथले मच्छीमार सर्रास वापरतात ते ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन चाळीस किलोंच्या घरातलं. ते होडीच्या मागच्या फळीवरून काढायचं-घालायचं काम बाबांचं नव्हे, माझंही नव्हे. अडीच अश्वशक्तीचं छोटं मिळतं, सतरा-अठरा किलोंचं, खाडीपुरतं पुष्कळ. पण इंजिन आलं की कागद आले. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात यंत्रावर चालणाऱ्या होडीला तपासणी, नोंदणी, विमा असं सगळं लागतं, आणि बिनयंत्राच्या होडीची नोंद स्थानिक पातळीवर करायची तरतूद आहे. बाबा कागदांना घाबरणारे नव्हेत. ३६ वर्षं त्यांनी इतरांना कागदांनी घाबरवलं आहे. त्यांचं कारण वेगळं होतं. "इंजिन असलं की मी लांब जाणार," म्हणाले. "लांब गेलो आणि ते बंद पडलं तर वल्ह्याने परत येण्याइतकी ताकद नाही. वल्ही असली की जिथून परत येता येत नाही तिथे जायचंच नाही."

मी तज्ज्ञ म्हणवणाऱ्या तीन माणसांशी बोलले होते. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन बारगळलं. (ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी एक पाळावं: इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. माणूस पाण्यात पडला आणि होडी पुढे निघून गेली की शिडी असून नसून सारखी.)

लाइफ जॅकेटवर मी जितका वेळ घालवला तितका लग्नाच्या शालूवर घालवला नव्हता. किल्ला बघायला जाणाऱ्या होड्यांत देतात ती नारंगी, नाड्यांची जॅकेटं आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. ती अंगात घातली जातात, बांधली जात नाहीत, आणि पाण्यात पडल्यावर जॅकेट वर येतं, माणूस खाली राहतो. जॅकेटवर तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये छापलेली असते. ५० म्हणजे पोहणाऱ्याला हात देण्यापुरतं. तो शुद्धीवर आहे असं धरून चाललेलं. १०० आणि १५०ची जॅकेटं गळ्यामागे जाड असतात, आणि माणूस बेशुद्ध होऊन पालथा पडला तरी त्याला उताणा करण्याच्या बेताने केलेली असतात. तिशीतल्या माणसाला ५० चालेल. ज्याला बीपीची गोळी आहे आणि जो एकटा जाणार आहे त्याने १००च्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. बाबांना तो पट्टा लाजिरवाणा वाटला. अंगणात उभं करून, जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून मी त्यांना वर उचलायचा प्रयत्न केला. पट्ट्याशिवाय जॅकेट कानांपर्यंत आलं, हात वर, चेहरा आत, कासवासारखे. पट्टा लावल्यावर जॅकेटबरोबर टाचा उचलल्या. आई ओटीवरून बघत होती. "तो पट्टा लावायचा," तिने जाहीर केलं, "नाहीतर चहा मिळणार नाही."

शेवटी होडी ठरली ती त्या तिसऱ्या कारागिराची. १२ फूट लांब, साडेचार फूट रुंद, जवळजवळ सपाट बूड, वजन ८० किलोंच्या आसपास. बसायच्या दोन्ही फळ्यांखाली बंद कप्पे, आत फोम. घेण्यापूर्वी आम्ही ती व्हाळात पाण्याने काठोकाठ भरून बघितली. कड पाण्याला टेकली पण होडी तळाला गेली नाही, आणि बाबा तिच्यात छातीएवढ्या पाण्यात बसून राहिले. नारळाच्या करवंटीत बसलेल्या बेडकासारखे, असं ते स्वतःच म्हणाले. रंग पिवळा घेतला. त्यांना पांढरा हवा होता. पण आई ओटीवरून बघणार होती, आणि पलीकडच्या काठाला लागलेली पांढरी होडी उन्हात दिसत नाही.

८० किलो. आबांचा प्रश्न अजून तिथेच होता.

बाबांनी गणित मांडलं. तरीचा जुना धक्का आठ फुटांना एक फूट चढतो. मोडक्या पायऱ्यांच्या जागी जांभा आणि चुनखडी भरून त्याची सरळ घसरण केली. म्हशींनी आठवडाभर निषेध नोंदवला. चाकांवर ठेवलेली होडी त्या चढावर ओढायला साधारण आठवा हिस्सा जोर लागतो, म्हणजे दहा किलो, घर्षणाचे दोन-तीन धरा. बाजारातल्या वेल्डरने जुन्या स्कूटरची दोन चाकं एका दांड्यावर बसवून दिली. पहिल्या खेपेला दांडा होडीच्या बरोबर मध्ये ठेवला तर ती तराजूसारखी पुढेमागे झुलायला लागली. वीतभर मागे सरकवल्यावर पुढचं टोक हातात नेमकं बादलीएवढं जड लागलं. वरच्या माडाला हाताने फिरवायची छोटी विंच बांधली. खाऱ्या पाण्यातून आलेल्या चाकांच्या बेअरिंगला दर खेपेला गोडं पाणी आणि ग्रीस, नाहीतर महिन्यात ती करकरायला लागतात. हे काम बाबा देवपूजेइतक्या नेमाने करतात. किंबहुना जास्त.

पाण्यावर जायची वेळ ते कालनिर्णयवर बघतात. मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांचं ते कॅलेंडर आमच्याकडे तसंही देवाच्या शेजारी लटकतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. मी फोनवरच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि खाडीत आत पाणी आणखी उशिरा चढतं. बाबांनी पंधरा दिवस धक्क्यावर खुणा करून तो फरकही काढला आणि कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिला. भांगेच्या दिवसांत पाणी कमी हलतं, ते दिवस त्यांचे. पुनवेच्या-अवसेच्या उधाणाला होडी वर. सकाळी मतलई वारा असतो तोवर जायचं. अकरा-बाराला समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्याआधी परत. जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे दमल्यावर येताना पाणीच आणून सोडतं. खिशात फोन प्लास्टिकच्या पिशवीत, गळ्यात शिटी. नियम एवढेच. सगळे त्यांनीच केलेले, आणि म्हणून पाळले जातात.

आई अजून होडीत बसलेली नाही. पण मागच्या खेपेला गेले तेव्हा दुसरं जॅकेट धुऊन वाळत घातलं होतं. 'साडीवर बसतं का बघत होते,' म्हणाली. समोरच्या काठावर तिच्या भावाचं घर दिसतं, त्याच्या अंगणातला फणसही दिसतो.

यंदा पाऊस ओसरल्यावर होडी पहिल्यांदा बाहेर काढायची होती, म्हणून मी मुद्दाम रजा टाकून गेले. मांगरातून पिवळी होडी निघाली, बुडावर कोंबड्यांनी चार महिने केलेले उपकार धुतले, चाकं लागली. बाबांनी पुढचं टोक उचललं आणि एकटेच चालू लागले. मदतीची गरज अशी नव्हतीच. सगळा खटाटोप त्यासाठीच तर होता. धक्क्याच्या वरच्या टोकाला आबा उभे होते, नवं धोतर, हातात नारळ. नारळ फोडून झाला. बाबा म्हणाले, "बाजूला हो रे, चाक पायावरून जाईल."

आबा बाजूला झाले नाहीत. होडीच्या कडेवर त्यांनी आपला तळवा ठेवला. ढकलत नव्हते, नुसता ठेवला. "हात लावल्याशिवाय होडी पाण्यात घालूची नाय," म्हणाले, आणि तसाच हात ठेवून घसरणीवरून बाबांच्या बरोबरीने खाली उतरत गेले. पाणी चाकांच्या वर आलं, होडी उचलली गेली, बाबांनी दांडा खालून ओढून काढला, आधी हात, मग मधोमध पाय, आणि बसले. आरसा नीट केला. आबा घोट्याएवढ्या पाण्यात उभे, धोतर भिजलेलं.

"सुकतीक गावलंस तर साद घाल," म्हणाले.